कर्जात बुडालेला शेतकरी १९२५ साली पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर, आणि त्यांचा हरवलेला सिनेमा

एक सिनेमा आहे. त्याचं नाव सिनेमाच्या इतिहासावरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतं. भारतातला पहिला वास्तववादी सामाजिक सिनेमा म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यात काम केलेला हिरो पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या दिग्दर्शकांपैकी एक झाला.

पण तो सिनेमा आज कुणालाच बघता येत नाही. कारण त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही.

सिनेमाचं नाव सावकारी पाश. साल १९२५. गाव कोल्हापूर. आणि बनवणारा माणूस म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

दादासाहेब फाळके सगळ्यांना माहीत असतात. शाळेच्या पुस्तकात असतात, त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी बातम्यांत असतो. व्ही. शांतारामही माहीत असतात. पण या दोघांच्या मधे उभा असलेला माणूस बहुतेकांना फक्त नावाने माहीत असतो. त्याचं एक मोठं कारण हेच, की त्यांनी केलेलं काम दाखवायला आपल्याकडे जवळपास काही उरलेलंच नाही.

मेस्त्रीचे पेंटर कसे झाले?

बाबूरावांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणं कारागिरांचं. सुतारकाम, नक्षीकाम, मूर्तिकाम ही घरातली कामं. कुठल्या आर्ट स्कूलमध्ये जाऊन त्यांनी शिक्षण घेतलं नाही. हातात रंधा, छिन्नी आणि ब्रश घरातूनच आला.

बाबूरावांना जोडीदार मिळाला तो त्यांचा चुलत भाऊ आनंदराव. दोघंही चित्रकार. त्या काळात महाराष्ट्रात संगीत नाटकांचा जमाना होता आणि नाटक कंपन्यांना रंगवलेले पडदे लागायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ असं सगळं कापडावर रंगवलेलं. साधारण १९१० पासून पुढची काही वर्षं या दोन भावांच्या पडद्यांना मोठी मागणी होती. मराठी नाटक मंडळ्याच काय, पारशी-गुजराती नाटक कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करून घ्यायच्या.

याच कामामुळे मेस्त्री हे आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचं कोल्हापूर. कुस्तीसाठी खासबाग मैदान, नाटकासाठी पॅलेस थिएटर, गाण्यासाठी दरबारी आश्रय. गावात पैलवान होते, गवई होते, नट होते आणि कारागीरही होते. सिनेमा काढायला जी माणसं लागतात ती सगळी एकाच गावात होती. फक्त सिनेमा नव्हता.

तो आला १९१३ मध्ये. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र.

कॅमेरा मिळत नाही, मग घरी बनवू

राजा हरिश्चंद्र बघून हे दोघं भाऊ सिनेमाने झपाटले. आतापर्यंत ते जी चित्रं रंगवत होते ती जागची हलत नव्हती. इथे चित्र हलत होतं. आपणही सिनेमा काढायचा हे त्यांनी ठरवून टाकलं.

पण काढायचा कशाने? कॅमेरा परदेशातून मागवावा लागे. तो परवडणं अवघड, आणि १९१४ नंतर पहिलं महायुद्ध सुरू झाल्याने माल येणंही अवघड. मग या दोघांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला.

हे किती अवघड काम आहे ते जरा समजून घेऊ.

सिनेमाचा कॅमेरा म्हणजे नुसती काच बसवलेली पेटी नसते. आतली ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म सतत सरकत राहिली तर सगळं चित्र फरफटलेलं येईल. त्यामुळे फिल्म क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात पडदा उघडून प्रकाश आत आला पाहिजे, पडदा बंद झाला पाहिजे आणि मग फिल्म बरोबर एका चित्राइतकीच पुढे सरकली पाहिजे. हे एका सेकंदाला साधारण १६ वेळा. तेही हाताने हँडल फिरवून. फिल्मच्या कडेची भोकं आणि ती पुढे ओढणारे आकडे यांच्यात केसाइतका फरक पडला, तरी पडद्यावरचं चित्र थरथरायला लागतं.

ही सगळी चक्रं, दाते आणि आकडे घरच्या कारखान्यात घडवायचे होते. भाऊ कामाला लागले.

आणि १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट राहिला.

बाबूरावांना हा मोठा धक्का होता. कल्पना दोघांची, कष्ट दोघांचे, आणि हातातोंडाशी आलेलं काम सोडून जोडीदार गेलेला. पण त्यांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली पेणचा एक तरुण शिकत होता, यंत्रांत विलक्षण डोकं चालणारा. विष्णुपंत दामले. या शिष्याला सोबत घेऊन बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. पुढची कित्येक वर्षं कोल्हापूरचे सिनेमे या कॅमेऱ्यातून निघाले.

गाणाऱ्या बाईने दिलेलं भांडवल

कॅमेरा झाला, आता पैसा. सिनेमा हा धंदा आहे हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं. अशा वेळी कोल्हापुरातल्या नावाजलेल्या गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या आणि त्यांनी बाबूरावांना भांडवल दिलं. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मराठी सिनेमाच्या एका मोठ्या घराण्याची पायाभरणी एका गायिकेच्या पैशावर झाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

कंपनीत कोण होतं बघा. विष्णुपंत दामले. कागलचे शेख फत्तेलाल, म्हणजे पुढचे साहेबमामा. बाबूराव पेंढारकर. केशवराव धायबर. आणि पेंढारकरांच्या ओळखीने आलेला, पडेल ते काम करणारा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. त्यालाच पुढे जग व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागलं.

पहिला मोठा सिनेमा ठरला सैरंध्री. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट.

त्या काळात बाईने सिनेमात काम करणं ही मोठी बदनामी होती. फाळक्यांना राजा हरिश्चंद्रमधली तारामती एका पुरुषाकडून करून घ्यावी लागली होती. बाबूरावांनी मात्र ठरवलं, की बाईचं काम बाईच करणार. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं आणि त्यांना राहायला कंपनीच्याच आवारात आसरा घ्यावा लागला.

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये सैरंध्री लागला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब दाखवला होता, की थिएटरमधली माणसं हादरली. हा प्रसंग फार भयंकर आहे म्हणून सरकारी सेन्सॉरने पुढे तो कापायला लावला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कीचकवध हा विषय महाराष्ट्रात तेव्हा साधा राहिलेला नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये याच नावाचं नाटक लिहिलं होतं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी बरोबर ओळखलं आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. त्यामुळे दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर मरताना दिसला, तेव्हा बघणाऱ्यांच्या डोक्यात काय काय आलं असेल याचा अंदाज करता येतो.

हा सिनेमा लोकमान्य टिळकांनी पाहिला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले.

आज सैरंध्री उपलब्ध नाही. सेन्सॉरने कापलेला प्रसंगही नाही आणि न कापलेलेही नाहीत.

चित्रकार दिग्दर्शक झाला की काय होतं

बाबूरावांच्या आधी सिनेमात राजवाडा दाखवायचा तर मागे रंगवलेला पडदा लावायचे. खुद्द बाबूरावांचं पोट ज्या पडद्यांवर चाललं, तेच पडदे त्यांनी आपल्या सिनेमातून काढून टाकले. त्यांच्या लक्षात आलं होतं, की नाटकात प्रेक्षक एका जागी बसलेला असतो म्हणून पडदा चालून जातो, पण कॅमेऱ्यासमोर त्याचा सपाटपणा उघडा पडतो. मग त्यांनी खांब, कमानी, भिंती असलेले खरेखुरे सेट उभे करायला सुरुवात केली.

शूटिंगच्या आधी ते पात्रांचे कपडे, दागिने आणि प्रसंग कागदावर रेखाटायचे. नटाने कुठे उभं राहायचं आणि उजेड कुठून पडायचा हे आधी चित्रात ठरायचं.

१९२३ मध्ये आला सिंहगड. हरी नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरचा. तानाजी झाले बाळासाहेब यादव, आणि शिवाजी महाराज झाले स्वतः बाबूराव. तरुण शांताराम या सिनेमात म्हातारा शेलारमामा झाला होता.

तोपर्यंत आपल्याकडे शूटिंग उन्हात व्हायचं. ढग आले की काम बंद. पण तानाजीची गोष्टच रात्रीची. ती भर दुपारी कशी दाखवणार? बाबूरावांनी या सिनेमासाठी कृत्रिम दिवे वापरले. भारतीय सिनेमात हे पहिल्यांदा घडलं असं मानलं जातं.

सिंहगडला इतकी गर्दी झाली, की सरकारचंही लक्ष सिनेमाच्या तिकीटबारीकडे गेलं. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ चाच, आणि सिनेमाचा इतिहास लिहिणारे त्याचा संबंध सिंहगडच्या गर्दीशी जोडतात.

जाहिरातीतही बाबूराव पुढे होते. ते सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढायचे आणि पोस्टर स्वतः रंगवायचे. १९२४ च्या कल्याण खजिना या सिनेमाचं त्यांचं पोस्टर आजही आहे. चित्र असलेलं, आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं भारतीय सिनेपोस्टर म्हणून ते ओळखलं जातं.

पण ज्या सिनेमासाठी ते रंगवलं, तो कल्याण खजिना मात्र हरवला.

सावकारी पाश

पुराण झालं, इतिहास झाला. दोन्हींवर कंपनीचं बरं चाललं होतं. अशा वेळी बाबूरावांनी असा विषय घेतला ज्यात देव नव्हते, राजे नव्हते, लढाया नव्हत्या. एक गरीब शेतकरी होता आणि एक सावकार होता.

कथा नारायण हरी आपटे यांची. नावात गोंधळ करू नका. सिंहगडची कादंबरी हरी नारायण आपट्यांची, सावकारी पाशची कथा नारायण हरी आपट्यांची. पुढे प्रभातचा कुंकू ज्या न पटणारी गोष्टवर निघाला, ते हेच नारायण हरी.

गोष्ट साधी आहे. शेतकरी कर्ज काढतो. व्याज वाढत जातं. लिहिता-वाचता येत नसल्याने कागदावर काय लिहिलंय ते त्याला कळत नाही. शेवटी जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गाव सोडून शहरात जातो, गिरणीत मजूर होतो. हा तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम.

आज ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण नंतरच्या शंभर वर्षांत आपण ती अनेकदा पाहिली. पण १९२५ मध्ये पडद्यावर हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणि महाराष्ट्रासाठी ही कल्पित गोष्ट नव्हती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला होता. गावकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर जाऊन कर्जखतं हिसकावली आणि त्यांची होळी केली. माणसांपेक्षा कागदांवर राग जास्त होता, कारण जमीन कागदाने जात होती. त्यानंतर इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला तोही याच काळात, १८८३ मध्ये. म्हणजे सावकारी पाश बघायला आलेल्या कित्येकांच्या घरी अंगठा उठवलेला एखादा कागद असणारच.

मग सिनेमा तुफान चालला का?

नाही. प्रेक्षकांना देवांचे चमत्कार आणि मावळ्यांची लढाई बघायची सवय लागली होती. दिवसभर जे भोगायचं तेच संध्याकाळी तिकीट काढून बघायला लोक फारसे आले नाहीत. कंपनी चालवायची तर बाबूरावांना परत पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळावं लागलं.

पण त्यांच्या डोक्यातून सावकारी पाश गेला नाही. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी याच गोष्टीवर बोलपट काढला. स्टंटपटांसाठी प्रसिद्ध असलेले निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना त्यातलं एक दृश्य आयुष्यभर आठवत राहिलं. अंधुक उजेडात एक उदास झोपडी, आणि कुत्र्याचं रडणं. बाकी काही नाही. हा माणूस किती मोठा कलावंत आहे हे आपल्याला तेव्हा कळलं, असं वाडियांनी नंतर लिहून ठेवलं.

१९२५ च्या सिनेमात असं काय काय होतं, ते तपासायला आज मार्ग नाही.

शिष्य गेले, बोलपट आला

१९२९ साल बाबूरावांसाठी वाईट ठरलं. कंपनीत कुरबुरी वाढल्या होत्या. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघेही बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी १ जून १९२९ ला कोल्हापुरातच नवी कंपनी काढली. तिचं नाव प्रभात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांचा संत तुकाराम १९३६ मध्ये आला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांतारामांनी कुंकू, माणूस, शेजारी दिले. प्रभातच्या सेटची, उजेडाची आणि कॅमेऱ्याची जी वाहवा होते, त्याची शाळा कोल्हापुरात बाबूरावांच्या हाताखाली झाली होती.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा जोर मात्र ओसरला. १९३० च्या लंका या मूकपटानंतर बाबूरावांचं हे पर्व संपलं. १४ मार्च १९३१ ला मुंबईत आलम आरा लागला आणि पडदा बोलायला लागला. बाबूरावांना बोलपटांचं फारसं कौतुक नव्हतं. चित्रातून सगळं सांगायची जी कला इतक्या वर्षांत कमावली, ती या बडबडीत वाहून जाईल अशी त्यांना भीती होती.

तरी त्यांनी काही बोलपट केले. उषा, सावकारी पाश, प्रतिभा. १९४७ च्या लोकशाहीर राम जोशीचं दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतलं होतं आणि तो शांतारामांच्या राजकमलचा सिनेमा होता. ज्याला त्यांनी घडवलं, त्या शिष्याच्या कंपनीत गुरू काम करत होता.

बाकीचा वेळ पुन्हा चित्र आणि शिल्प. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

एवढे सिनेमे गेले कुठे?

बाबूरावांनी काढलेल्या मूकपटांची संख्या दीड डझनाच्या आसपास जाते. त्यातल्या मुरलीवाला आणि सती सावित्री या १९२७ च्या दोन सिनेमांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. बाकी सगळं गेलं.

हे फक्त त्यांच्याच बाबतीत झालं असं नाही. आपल्या देशात मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त सिनेमे निघाले. त्यातले जेमतेम दोन-तीन डझन आज सापडतात, आणि त्यातलेही बरेच तुकड्यांत. बोलपटांची सुरुवात करणारा आलम आरासुद्धा आज उपलब्ध नाही.

याची कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण खुद्द फिल्म. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. तिच्यावरचं चित्र सुंदर यायचं, पण ती भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की तिच्यातूनच प्राणवायू निघतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आणि नाही पेटली तरी ती हळूहळू सडते. आधी चित्र फिकट होतं, मग फिल्म चिकट होते, डब्यात गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. आपल्याकडची उष्णता आणि दमट हवा हे काम आणखी लवकर करते.

दुसरं कारण चांदी. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. जुनी फिल्म धुऊन ती चांदी काढता येते. बोलपट आल्यावर मूकपट बघायला कुत्रं फिरकेना. थिएटरवाले घेत नाहीत, गोदामाचं भाडं चढतंय, आग लागायची भीती आहे, आणि भंगारवाला चांदीचे पैसे द्यायला तयार आहे. अशा वेळी निर्मात्याने काय केलं असेल? जगभरात कित्येक सिनेमे असेच विकले गेले.

तिसरं कारण म्हणजे सांभाळणारं कुणी नव्हतं. सिनेमाच्या मोजक्याच प्रिंट निघायच्या आणि त्या गावोगाव फिरून झिजून जायच्या. सिनेमा जपून ठेवायची वस्तू आहे हेच मुळात कुणाला वाटत नव्हतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं फेब्रुवारी १९६४ मध्ये. बाबूरावांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि सावकारी पाशला जवळपास चाळीस.

संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी त्यानंतर देशभर फिरून जे मिळेल ते गोळा केलं. फाळक्यांचे सिनेमे आज जितके बघायला मिळतात, त्यामागे त्यांची मेहनत आहे. फाळक्यांच्या वाट्याला जे थोडं उरलं, तेही बाबूरावांच्या वाट्याला आलं नाही.

बरं, संग्रहालयात पोहोचलं म्हणजे वाचलंच असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि शेकडो जुन्या सिनेमांची रिळं जळाली. त्यात प्रभातचेही सिनेमे होते. बऱ्याच सिनेमांच्या प्रती आधी काढून ठेवलेल्या होत्या म्हणून त्या आगीत ते पूर्ण नाहीसे झाले नाहीत, पण मूळ रिळं गेली ती गेलीच.

सिनेमा नाही, मग आपल्याला हे कसं कळलं?

हा प्रश्न पडलाच असेल. सिनेमा कुणी पाहिला नाही तर त्याच्याबद्दल इतकं लिहिलं कसं जातं?

त्या काळच्या जाहिराती आहेत. काही फोटो आहेत. पोस्टर आणि पुस्तिका आहेत. सेन्सॉरच्या नोंदी आहेत. आणि ज्यांनी त्या सिनेमांत काम केलं किंवा ते पाहिले, त्यांच्या आठवणी आहेत. शांतारामांच्या शांतारामा या आत्मचरित्रात कोल्हापूरच्या त्या दिवसांबद्दल बरंच काही मिळतं.

या सगळ्यातून गोष्ट कळते, पात्रं कळतात, गर्दी किती झाली ते कळतं. पण बाबूराव होते चित्रकार. झोपडीच्या कोपऱ्यात त्यांनी किती अंधार ठेवला, सावकार दारात उभा राहिला तेव्हा उजेड कुठून आला, जमीन गेल्यावर शांतारामचा चेहरा किती वेळ पडद्यावर ठेवला, हे कुठल्याच कागदात मिळत नाही. आणि त्यांचं खरं काम तेच होतं.

याचा परिणाम साधा नाही. सिनेमाचं शिक्षण घेणारी मुलं जे बघायला मिळतं तेच बघून शिकतात. महोत्सवात तेच दाखवलं जातं, यूट्यूबवर तेच फिरतं, लेख त्यावरच निघतात. शेतकऱ्याच्या कर्जावरचा भारतीय सिनेमा म्हटलं की दो बिघा जमीन आठवतो, आणि तो १९५३ चा. त्याच्याही २८ वर्षं आधी कोल्हापुरात जमीन गेलेला शेतकरी शहरात मजूर म्हणून गेला होता, हे सांगावं लागतं. दाखवता येत नाही.

अजून काही सापडू शकतं का?

सापडू शकतं. असं झालेलं आहे.

कोलकात्याच्या मादन कंपनीचा १९१९ चा बिल्वमंगल हा मूकपट गेलाच असं धरून चालले होते. त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमा संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्यात आली. आपला सिनेमा आपल्याकडे नव्हता, फ्रान्समध्ये होता.

बाबूरावांच्या सिनेमांच्या प्रिंट तर महाराष्ट्रभर आणि त्याच्या बाहेरही फिरत होत्या. फिरत्या सिनेमावाल्यांचे तंबू होते, गावोगावची थिएटरं होती, वितरकांची गोदामं होती. त्यातली एखादी पेटी कुठल्या माळ्यावर राहून गेली असेल, तर ती नव्वद-शंभर वर्षांची आहे आणि तिच्याकडे फार वेळ उरलेला नाही.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या घरी जुनं थिएटर, टुरिंग टॉकीज किंवा सिनेमाच्या धंद्याचा वारसा असेल आणि माळ्यावर पत्र्याचे गोल डबे पडलेले असतील, तर ते भंगारात देऊ नका. उन्हात ठेवू नका, आसपास काडी ओढू नका, आणि रीळ ओढून बघायचा मोह आवरा. नायट्रेट असेल तर ते खरंच धोकादायक असतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. नुसती पुस्तिका, तिकीट, फोटो किंवा फाटकं पोस्टर सापडलं तरी कळवा. कल्याण खजिनाचं आज आपल्याकडे एवढंच तर आहे.